लाकडी चमचे आणि काथवटी कोरायची हत्यारं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनच्या पहिल्या वादळात नाशिकमध्ये फांद्या पडल्या की माझा फोन वाजायला लागतो. कुणाच्या बंगल्यासमोर आंबा मोडलेला असतो, कुणाच्या मळ्यात पेरूची जुनी झाडं निघालेली असतात. लाकूड हाताशी आलेलं असतं आणि प्रश्न एकच असतो : हत्यारं कोणती घेऊ? गेली अकरा वर्षं मी घरच्या पडवीत बसून चमचे, पळ्या, वाडगे कोरतोय. रविवारी कुणी शिकायला आलं तर शिकवतोही. त्यातून वारंवार पुढे आलेले प्रश्न आणि त्यांवर मी देतो ती उत्तरं इथे लिहिली आहेत.

सुरुवातीला नेमकी किती हत्यारं लागतात?

चमच्यासाठी दोन सुऱ्या पुरतात, एक सरळ पात्याची आणि एक वाकड्या पात्याची. फांदी कापायला करवत आणि चिरायला कुऱ्हाड लागते, पण ही दोन्ही कुणाकडून तरी तासाभरासाठी मागून आणता येतात. वाडगा किंवा काथवट करायची असेल तर गोष्ट निराळी. त्याला गोल पटाशी (म्हणजे वळलेल्या पात्याची छिन्नी) आणि मोगरी (लाकडी हातोडा) हवी, आणि हात बसल्यावर वाकस.

मी प्रत्येकाला आधी उलटा प्रश्न विचारतो : घरात काय हवंय? भाजी हलवायचा चमचा, ताकाची पळी की पीठ मळायला काथवट? वस्तू ठरली की हत्यार आपोआप ठरतं. हत्यार आधी आणून मग त्याला काम शोधत बसलेले बरेच जण मी पाहिलेत. त्यांची हत्यारं दुसऱ्या दिवाळीला माळ्यावर गेलेली असतात.

बारा हत्यारांचा सेट ऑनलाइन स्वस्तात मिळतो. तो घेतला तर?

घेऊ नका. मी घेतला होता. लाकडी पेटीत, मखमलीवर मांडलेली बारा हत्यारं होती, दिसायला देखणी. पहिल्याच रविवारी बाभळीच्या तुकड्यावर चालवली आणि दहा मिनिटांत तीन पात्यांची धार दुमडली. दुमडली म्हणजे अक्षरशः, उजेडात धरली तर कड चांदीच्या तारेसारखी चमकत होती. पोलादाला पाणीच नीट दिलेलं नव्हतं, म्हणजे ते तापवून, बुडवून नीट कडक केलेलं नव्हतं. बाभळीवर सुरुवात करणं ही माझीही चूक होती, पण चांगलं पातं बाभळीवर बोथट होतं, असं दुमडत नाही.

शिवाय त्या बारांपैकी आठ हत्यारं नक्षीकामाची होती, चमच्याच्या कामात त्यांना जागाच नाही. तेवढ्या पैशांत एक चांगली सरळ सुरी आली असती आणि ती आजही हातात असती. तुमच्याकडे जी रक्कम असेल तिचा चौथा हिस्सा धार लावायच्या सामानासाठी आधी बाजूला काढा आणि उरलेल्यात दोनच हत्यारं घ्या.

सरळ सुरी निवडताना काय बघायचं?

पातं सहा ते आठ सेंटिमीटर लांब असावं. यापेक्षा लांब पात्याचं टोक आपल्या नजरेबाहेर जातं आणि इजा तिथेच होते. पाठीकडची जाडी अडीच-तीन मिलिमीटर हवी, म्हणजे जोर दिल्यावर पातं लवत नाही. स्वयंपाकघरातला चाकू या कामाला नको तो एवढ्यासाठीच. तो पातळ असतो, लवतो, आणि लवलेलं पातं निसटलं की कुठे जाईल याचा भरवसा नसतो.

सगळ्यात महत्त्वाचा धारेचा उतार. तो दोन्ही बाजूंनी सपाट आणि रुंद हवा, एकदम कडेपर्यंत उतरलेला. असा उतार लाकडावर टेकवला की तो स्वतःच कोन धरून चालतो, रंध्याचा तळ जसा लाकडाला धरून चालतो तसा. दोन्ही बाजूंच्या उतारांमध्ये मिळून वीस ते पंचवीस अंशांचा कोन चांगला. त्याहून बारीक धार गाठीवर तुटते आणि त्याहून जाड धार कापण्याऐवजी ढकलत राहते.

मूठ साध्या लाकडाची, अंडाकृती, बोटांना खाचा नसलेली घ्या. खाचा दुकानात हाताला गोड लागतात. पण चमचा कोरताना सुरी दहा प्रकारे धरावी लागते आणि खाचा त्यातल्या एकाच पकडीला सोयीच्या असतात.

परदेशी बनावटीत स्वीडनच्या मोरा गावची मोराक्निव कंपनी या कामासाठी ओळखली जाते. तिची १२० नंबरची सुरी आखूड आणि १०६ नंबरची थोडी लांब पात्याची. माझ्याकडे १२० आहे आणि नवशिक्याच्या हातात मी तीच देतो.

स्टेनलेस घेऊ की साधं पोलाद?

साधं, म्हणजे कार्बन पोलाद. ते गंजतं, पण घरच्या दगडावर त्याला धार लवकर चढते. चांगलं स्टेनलेसही असतं, फक्त स्वस्तातलं जे मिळतं ते बहुधा मऊ निघतं.

वाकडी सुरी म्हणजे काय? तिच्याशिवाय चालणार नाही का?

चमच्याच्या वाटीत सरळ पातं शिरत नाही, म्हणून आकड्यासारखं वळलेलं पातं लागतं. चालवून घ्यायचं तर अरुंद गोल पटाशीनं वाटी खणता येते. पण त्यासाठी काम कुठेतरी घट्ट अडकवावं लागतं. वाकड्या सुरीनं ते हातात धरूनच होतं.

निवडताना वळणाकडे बघा. वळण गच्च असेल, म्हणजे करंगळीभोवती फिरल्यासारखं, तर त्यानं खोल आणि अरुंद वाटी होते, पण तळाला नांगरल्यासारखे चर उमटतात. वळण मोकळं असेल, साधारण पाच रुपयांच्या नाण्याच्या घेरापेक्षा थोडं मोठं, तर तळ गुळगुळीत येतो. पहिली सुरी मोकळ्या वळणाचीच घ्या.

दोन्ही कडांना धार असलेली सुरी नको. वाकड्या सुरीच्या पाठीवर अंगठा ठेवून ढकलण्यात अर्धं काम असतं आणि तिथे धार असेल तर अंगठा ठेवणार कुठे? एका बाजूच्या धारेची सुरी डावखुऱ्यांसाठी वेगळी मिळते. मागवताना हे तपासा. डावखुऱ्या माणसाला उजवी सुरी देऊन “जमेल हळूहळू” म्हणणं हा त्याच्या हातावर अन्याय आहे.

ही सुरी आपल्याकडच्या लोहाराकडून करून घेता येईल?

येईल, आणि मला त्यात सर्वांत जास्त आनंद आहे. माझ्या रोजच्या तीन वाकड्या सुऱ्यांपैकी दोन दिंडोरीकडच्या एका लोहाराच्या भात्यावर झाल्यात. विळे, खुरपी, कुऱ्हाडी करणाऱ्या माणसाला पातं वळवणं जड नाही. फक्त वळण कसं हवं आणि धार कोणत्या बाजूला हवी, हे त्याला नेमकं सांगावं लागतं. कागदावर चित्र काढून नेऊ नका, जाड तार वाकवून नमुना न्या. तारेचा नमुना तो ऐरणीवर ठेवूनच ताडून बघतो.

पोलाद म्हणून ट्रकच्या जुन्या कमानपट्ट्याचा (लीफ स्प्रिंगचा) तुकडा उत्तम. तो ठोकून तीन मिलिमीटरपर्यंत पातळ करायचा, धारेचा उतार कानशीनं बहुतेक उतरवून घ्यायचा आणि मग तापवून पाइपाभोवती वळवायचा. पाणी द्यायच्या आधीच कानस मारून घ्यावी, कारण नंतर कानस त्यावरून नुसती घसरते.

पहिल्या वेळी आमचं चुकलं ते पाणी देण्यातच. म्हणायला आपण “पाणी देणं” म्हणतो, पण कमानपट्ट्याचं पोलाद पाण्यात बुडवलं तर ते बऱ्याचदा सहन करत नाही. लालभडक पातं बादलीत गेलं, वाफ उठली आणि तिच्यातून बारीकसा ‘टक्’ असा आवाज आला. बाहेर काढून पुसलं तर वळणाच्या पोटात केसाएवढी चीर. लोहार काही बोलला नाही. त्यानं ते पातं ऐरणीच्या कडेवर आपटलं, दोन तुकडे झाले, आतला दाणा भरड आणि राखाडी दिसत होता. “जास्त तापलं, आणि पाणी नको होतं याला,” एवढंच म्हणाला. दुसऱ्या वेळी लोहचुंबक दोरीला बांधून जवळ ठेवलं. पातं तापत जातं तसं एका क्षणी चुंबक त्याला धरेनासं होतं. त्याच्या थोडं पुढे नेऊन पातं तेलात बुडवलं, साधं वापरलेलं मोटारचं तेल. मग ते घरी आणून ओव्हनमध्ये दोनशे-सव्वादोनशे अंशांवर तासभर ठेवलं. घासलेल्या भागावर गवती पिवळा रंग आला की झालं. नुसतं कडक केलेलं पातं काचेसारखं असतं. या मंद शेकण्यानं त्याचा ठिसूळपणा जातो.

तेलात बुडवताना भडका उडू शकतो. लांब सांडशी, झाकण असलेला पत्र्याचा डबा, उघडी जागा आणि अंगावर सुती कपडे एवढं हवंच.

कुऱ्हाड शेतातली चालेल की वेगळी घ्यायची?

शेतातली कुऱ्हाड झाड तोडायला आणि फांद्या छाटायला केलेली असते. डोकं जड, दांडा लांब, धार जाड. ओंडका फोडायला ती ठीक. चमच्याचा आकार तासायला मात्र सहाशे ते नऊशे ग्रॅमचं डोकं आणि हातभरापेक्षा आखूड दांडा हवा, कारण ती एका हातात धरून तासभर चालवायची असते.

नवी घेण्याआधी घरातली जुनी छोटी कुऱ्हाड बघा. दांडा चाळीस सेंटिमीटरला कापायचा, धारेचे गाल दगडावर घासून पातळ करायचे आणि धार सुरीइतकी चढवायची. कुऱ्हाडीला कशाला एवढी धार, असं लोक म्हणतात. पण बोथट कुऱ्हाड लाकडावरून उडते आणि उडालेली कुऱ्हाड गुडघ्याकडे येते. दांडा मोडला असेल तर धावड्याचा घाला. कुऱ्हाडीच्या दांड्याला धावडा आपल्याकडे पूर्वीपासून वापरतात आणि त्याचं कारण पहिल्याच घावाला हाताला कळतं : हादरा दांड्यातच विरतो.

तासताना खाली गुडघ्याएवढ्या उंचीचा ओंडका हवा. कुऱ्हाडीची वाट नेहमी ओंडक्यात संपली पाहिजे, जमिनीत किंवा पायात नव्हे.

वाडगा किंवा काथवट करायला काय लागतं?

माझ्या आजीची काथवट शिवणीच्या लाकडाची होती. लांबट, दोन्ही टोकांना धरायला कान ठेवलेले, आतून इतक्या वर्षांच्या भाकऱ्यांनी तुकतुकीत झालेली. लहानपणी मी तिच्या पाठीवरून बोट फिरवायचो. आत गुळगुळीत आणि पाठीवर बोटाएवढे उथळ खळगे, एकाशेजारी एक, ओळीनं. ते वाकसाचे घाव होते हे मला तिशी उलटल्यावर कळलं, स्वतः वाकस हातात घेतला तेव्हा. करणाऱ्यानं आतून घासून काढली होती, पाठ तशीच ठेवली होती. माझ्या काथवटींची पाठ मीही घासत नाही.

वाकस म्हणजे कुदळीसारखं आडवं पातं असलेलं सुताराचं हत्यार. नेहमीच्या वाकसाचं पातं सपाट असतं, तुळया-वासे तासायला. काथवट खणायला मात्र पातं रुंदीत गोल वळलेलं हवं, नाहीतर त्याचे दोन्ही कोपरे लाकडात रुततात आणि ढलपी सुटत नाही. असा गोल वाकस दुकानात सहसा मिळत नाही, लोहाराकडूनच करवून घ्यावा लागतो. दांडा आखूड ठेवा, वीत-सव्वावीत. आणि वाकस हे पहिलं हत्यार नव्हे. त्याचा घाव आपल्याच दिशेनं येतो. वर्षभर कुऱ्हाड चालवून मनगटाला अंदाज आला की मग तो घ्या.

तोवर गोल पटाशी आणि मोगरी. पंचवीस ते तीस मिलिमीटर रुंदीची एक मध्यम खोल गोल पटाशी एवढ्यात वीतभर व्यासाचा वाडगा आरामात होतो. वेळ लागतो, पण घाव जिथे पाहिजे तिथेच पडतो. पटाशीच्या मुठीला वरून लोखंडी कडी हवी, नाहीतर मोगरीच्या माराने मूठ चिरते. मोगरी बाभळीच्या गाभ्याची करा. लोखंडी हातोडीनं पटाशी ठोकू नका.

वाडगा खणताना काम हलता कामा नये. टेबल आणि शिकंजा नसेल तर जाड ओंडक्यात खाच पाडून, वाडगा तिच्यात बसवून दोन बाजूंनी पाचरी मारा. आपले जुने सुतार जमिनीवर बसून पायांनी काम धरायचे, ते मला आजही मोलाचं वाटतं. मात्र ते लहानपणापासून अंगात मुरलेलं असायचं. पुस्तकावरून किंवा व्हिडिओवरून शिकून धारेसमोर पाय ठेवू नका.

गोल पटाशीवर ७, ८, ९ असे आकडे असतात. त्यांचा अर्थ काय?

तो खोलीचा आकडा, रुंदीचा नव्हे. इंग्लंडच्या शेफिल्डहून आलेल्या पद्धतीत १ म्हणजे सपाट, ३ म्हणजे किंचित वळलेली, ९ म्हणजे जवळपास अर्धवर्तुळ आणि ११ म्हणजे यू आकाराची खोल. वाडग्याचं पोट खणायला ७ किंवा ८, आणि शेवटचा हात फिरवायला ३ ते ५ मधली रुंद पटाशी. वेगवेगळ्या कंपन्यांत एकाच आकड्याचं वळण थोडं मागेपुढे असतं. आपल्याकडच्या गावठी पटाश्यांवर आकडाच नसतो. तिथे पातं कागदावर दाबून ठसा घ्यायचा आणि हव्या त्या वाडग्याच्या वळणाशी ताडून बघायचा.

नाशिकमध्ये कुठे मिळतं हे सगळं?

पटाशी, कानस, करवत, सी-क्लॅम्प, दगड या गोष्टी रविवार कारंजा आणि मेनरोडच्या बाजूला हार्डवेअरच्या जुन्या दुकानांत मिळतात. दुकानात पटाशीची पाठ उन्हात तिरपी धरून बघा. ती आरशासारखी गुळगुळीत नसेल तर घरी दोन तास घासावी लागणार, हे धरून चाला. कुऱ्हाड आणि गावठी पाती यांसाठी दिंडोरी-पेठकडचे आठवडे बाजार. वाकडी सुरी आणि मोराक्निवसारखी पाती ऑनलाइन मागवावी लागतात.

जुनी हत्यारंही बघा. ज्या घरात आजोबा सुतार होते त्या घरात एखादी ट्रंक असतेच. गंजलेली पटाशी वाया गेलेली नसते. गंज धारेच्या कडेला खोल खड्डे पाडून बसला नसेल तर आत चांगलं पोलाद शाबूत असतं.

कोणत्या लाकडावर शिकावं? लाकडाचा आणि हत्याराचा काय संबंध?

फार जवळचा. ताजं, ओलं लाकूड सुरीखाली लोण्यासारखं नाही, पण कच्च्या पेरूसारखं कापलं जातं. तेच लाकूड वर्षभर वाळलं की मनगट भरून येतं आणि धार दुप्पट वेगानं जाते. म्हणून वखारीतून वाळका तुकडा आणण्यापेक्षा पावसाळ्यात मोडलेली ओली फांदी बरी.

आंबा मध्यम कठीण, सहज मिळणारा, शिकायला ठीक. पेरू घट्ट, बारीक रेषेचा, चमच्यासाठी माझा सर्वांत आवडता. शिवण मऊ आणि वाळताना कमी वाकणारी, वाडग्याला आणि काथवटीला उत्तम. काळा कुडाही छान, पांढरा आणि गुळगुळीत, कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी त्याच्याच लाकडाची. बाभूळ आणि शिसव यांचे चमचे पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, पण ते दुसऱ्या वर्षी. सागात वाळूसारखा सिलिका असतो, तो धार खातो. कडुनिंबाचा कडवटपणा काहींना चमच्यात जाणवतो. गुलमोहर भरड.

कण्हेर, पांढरी असो की पिवळी, विषारी आहे, तिचा चमचा कधीही करू नका. बिब्ब्याच्या चिकानं अंगावर फोड येतात, त्याच्या वाटेला जाऊ नका. आंबाही त्याच कुळातला, त्यामुळे ज्यांना कैरीच्या चिकानं पुरळ येतं त्यांनी ओला आंबा जपून हाताळावा.

उभं झाड मात्र स्वतःच्या अंगणातलं असलं तरी शहरात विनापरवाना तोडता येत नाही. त्यासाठी १९७५ चा महाराष्ट्राचा झाडांच्या जतनाचा कायदा आहे आणि महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. पडलेल्या फांदीसाठीही मालकाला किंवा उद्यान विभागाला विचारून घ्या.

धार कशी लावायची? याचीच सगळ्यात भीती वाटते.

भीती वाटणाऱ्यांना मी दगडाआधी काळा मार्कर देतो. पात्याच्या उतारावर मार्करनं पूर्ण काळं करायचं, मग पातं दगडावर टेकवून दोनदाच घासायचं आणि उचलून बघायचं. काळं जिथून निघालं तिथे तुम्ही घासताय. कडेजवळचं काळं तसंच असेल तर कोन कमी पडतोय, फक्त कडेचं गेलं असेल तर पातं जास्त उभं धरलंय. काळं सगळीकडून सारखं निघालं की हात बरोबर. ही एक युक्ती शिकायला अर्धा तास लागतो आणि मग ती सुटत नाही.

पाण्याचे दगड तीन पुरतात : ४००, १००० आणि ३०००. दगड परवडत नसतील तर त्याच नंबरांचा वॉटर पेपर जाड काचेवर पाण्यानं चिकटवा, काम तेच होतं. एका बाजूनं घासत गेलं की पलीकडच्या कडेला बोटाला लागेल अशी बारीक खरखर उठते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणारे तिला बर म्हणतात आणि त्यांना ती समजावून सांगावी लागत नाही. बर उठली म्हणजे त्या बाजूचं घासणं कडेपर्यंत पोचलं. मग दुसरी बाजू. शेवटी चामड्याचा पट्टा, जसा पूर्वी न्हाव्याच्या खुर्चीला लटकलेला असायचा. तो लाकडी पट्टीवर चिकटवून हिरवं पॉलिशिंग कंपाउंड चोळायचं आणि पातं उलट्या दिशेनं, धार मागे ठेवून ओढायचं. काम करताना दर वीस मिनिटांनी पट्ट्यावर दहा-पंधरा हात मारले तर दगडाची गरज महिन्यातून एकदा पडते.

वाकड्या सुरीला दगड आतून लागत नाही. वॉटर पेपर लाटण्याला किंवा जाड पेन्सिलीला गुंडाळा आणि वळणाच्या पोटातून फिरवा. बाहेरची बाजू नेहमीच्या दगडावर, पातं गोल फिरवत.

इलेक्ट्रिक ग्राइंडरवर धार लावून देतो असं कुणी म्हटलं तर हात जोडून नको म्हणा. पातं तिथे क्षणात तापतं. कडेवर निळा रंग आला की तिथलं पाणी उतरलं, आणि तेवढा भाग घासून टाकल्याशिवाय ती कड पुन्हा धार धरत नाही.

धार लागली की नाही हे मी हाताच्या केसांवर बघत नाही, मऊ लाकडाच्या आडव्या छेदावर बघतो. तिथे पातं चालवल्यावर कापलेली जागा ओल्या दगडासारखी चकाकली पाहिजे. तिच्यात एखादी पांढरी रेघ दिसली तर धारेत नेमक्या त्याच जागी खड्डा आहे.

हातमोजे वापरावेत का? मुलांना देता येईल?

काम धरणाऱ्या हाताला कापरोधक मोजा सुरुवातीला घाला. पण मोजा टोकाच्या खुपसण्याला अडवत नाही, म्हणून सवयीच जपतात. मांडीवर ठेवून कधीही कोरू नका, मांडीच्या आतून मोठी रक्तवाहिनी जाते. कोपर फासळ्यांना टेकवून छोटे घाव घ्या. अंगठा पात्याच्या वाटेत नाही ना, हे प्रत्येक घावाआधी बघा. जखम झालीच तर स्वच्छ कापडानं घट्ट दाबून हात उंच धरा, दवाखान्यात जा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

नऊ-दहा वर्षांच्या मुलांना सरळ सुरी देता येते, शेजारी मोठं माणूस बसलेलं असेल तरच. बोथट सुरी देऊ नका. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि लहान हाताला तो आवरत नाही.

पावसाळ्यात हत्यारं गंजतात. काय करावं?

काम झालं की पुसा आणि खोबरेल तेलाचा किंवा शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवा. आंबा, बाभळीसारख्या ओल्या लाकडाच्या रसानं पातं तासाभरात काळं पडतं. ते काळं म्हणजे गंज नव्हे, पण तसंच ठेवलं तर रात्रीत गंज धरतो. सुरी चामड्याच्या म्यानात ठेवून देऊ नका, चामडं ओल धरून ठेवतं. मी जुलै ते सप्टेंबर पाती तेलाच्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवतो.

बसमध्ये सुरी नेली तर पोलिसांची अडचण येईल?

शस्त्र नियम, २०१६ मध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्यांचा उल्लेख आहे आणि त्यातूनही घरगुती, शेतीच्या किंवा उद्योगाच्या कामाच्या सुऱ्या वगळल्या आहेत. आपली सुरी तीन इंचांची. तरी ती म्यानात, पिशवीच्या तळाशी, सोबत अर्धवट कोरलेला चमचा ठेवून न्या. सिंहस्थाच्या बंदोबस्तात पंचवटीकडे न्यायचीच नाही. विमानात ती केबिनच्या बॅगेत चालत नाही.

पॉलिश पेपर मारायचा की सुरीचे घाव ठेवायचे?

आवडीचा प्रश्न. घासायचं असेल तर लाकूड पूर्ण वाळल्यावरच. आणि ज्या वस्तूवर पॉलिश पेपर मारला तिच्यावर पुन्हा सुरी चालवू नका, पेपरचे कण लाकडात राहतात आणि धार घालवतात.

तेल कोणतं लावायचं?

खाण्याचं जवसाचं तेल, घाण्यावरचं. ते हवेत सुकून घट्ट होतं. शेंगदाण्याचं तेल सुकत नाही, कालांतरानं खवट वास मारतं. हार्डवेअरच्या दुकानातलं ‘डबल बॉइल्ड’ अळशीचं तेल रंगकामाचं, त्यात सुकवणारी रसायनं असतात, ते जेवणाच्या वस्तूला नको. जवसाचं तेल पुसलेलं फडकं चुरगळून टाकू नका. ते आतल्या आत तापून आपोआप पेट घेऊ शकतं. पाण्यात भिजवून टाका किंवा दोरीवर पसरून वाळवा.

फ्लॅटमध्ये राहतो. आवाज, कचरा, जागा यांचं काय?

सुरीच्या कामाला आवाज नाही, खाली चादर पसरली की कचराही नाही. ढलप्या कुंडीत घाला. कुऱ्हाड आणि मोगरीचं काम मात्र गच्चीवर किंवा गावाकडे करून आणा, खालच्या मजल्यावरच्यांना प्रत्येक घाव डोक्यात बसतो. अर्धवट झालेला ओला चमचा प्लास्टिकच्या पिशवीत फ्रिजमध्ये ठेवला तर आठवडाभर ओलाच राहतो. वाडगा मात्र कोरून झाल्यावर त्याच्याच ढलप्यांसकट कागदी पिशवीत ठेवून हळूहळू वाळवा. एप्रिलच्या नाशिकच्या कोरड्या झळांत उघडा ठेवलेला ओला वाडगा मी एका दुपारीत तडकताना पाहिलाय. चीर गाभ्यापासून सुरू होते, म्हणून ओंडका मधोमध चिरून गाभा आधी काढून टाकायचा.

पहिली वस्तू कोणती करू?

उलथणं. त्याला वाटी नसते, म्हणजे वाकड्या सुरीची गरज नाही. पेरूची किंवा आंब्याची मनगटाएवढी सरळ फांदी घ्या, वीत-दीड वीत लांबीची, मधोमध चिरून गाभा काढा आणि एकट्या सरळ सुरीनं कोरा. रेषेच्या उताराच्या दिशेनं कापा. पातं खोल शिरून लाकूड फाटायला लागलं तर तुकडा फिरवून उलट बाजूनं या. पुढची कड शेवटी पातळ करा, वाळू द्या आणि मग तव्यावर धिरडं टाकून बघा. कड जाड राहिली असेल तर धिरडं उलटताना फाटेल. मग तेच उलथणं घेऊन पुन्हा खाली बसा आणि कडेचा अजून एक पापुद्रा काढा.